विनंती थांबा

एस.टी.ने फिरलेल्या प्रत्येकाने ही पाटी पाहिलेली असते. गावाबाहेर, एखाद्या झाडाजवळ, वाकलेल्या लोखंडी खांबावर: ‘विनंती थांबा’. म्हणजे गाडी इथे थांबलीच पाहिजे असे नाही. खालून कुणी हात केला किंवा आतून कुणी उतरायचे म्हटले तर थांबते, नाहीतर धुरळा उडवत पुढे जाते. आमच्या ह्यांची सगळी नोकरी एस.टी.त गेली, शेवटची बारा वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात रोजच्या बोलण्यातला. बाजारातून येताना मी कुणाशी बोलत उभी राहिले की हे पिशवी खाली ठेवून म्हणायचे, “झाला का विनंती थांबा?”

हाच शब्द त्यांनी एकदा भलत्याच ठिकाणी वापरला, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यात बसला आहे. आजचे लिहिणे त्यावरूनच सुरू करते.

२०११ च्या ऑक्टोबरात आम्ही मुलाकडे अमेरिकेत होतो. तो तेव्हा बोस्टनजवळ राहायचा. पानांचे रंग बघायला म्हणून त्याने आम्हाला व्हरमाँटमध्ये नेले. तिथे रिप्टन नावाचे लहानसे गाव आहे. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट १९३९ पासून पुढे आयुष्याच्या अखेरपर्यंत उन्हाळे ह्याच गावातल्या एका शेतघरी काढायचा. (१९६३ च्या जानेवारीत तो गेला.) गावाजवळच्या सरकारी जंगलात १९७६ साली त्याच्या नावाने एक पायवाट तयार केली. फार लांब नाही, मैल-सव्वा मैल. सुरुवातीला पाणथळ जागेवरून लाकडी फळ्यांचा रस्ता, मग नदीवरचे पूल, मग झाडी आणि नंतर एकदम उघडे माळरान, जिथून समोर डोंगरांची रांग दिसते. माळावर ब्लूबेरीची खुरटी झुडपे. जंगल वाढून हे माळ बुजून जाऊ नये म्हणून वनखाते अधूनमधून तिथले गवत-झुडूप मुद्दाम जाळते, आपल्याकडे शेत भाजतात तसे. आणि ह्या सगळ्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने लाकडी खांबांवर फ्रॉस्टच्या कविता लावलेल्या आहेत.

मी बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. बी.ए. मराठी माध्यमातून झालेली, त्यामुळे इंग्रजी कवितेशी माझी ओळख अनुवादातून आणि दुसऱ्यांच्या लेखांतून. फ्रॉस्टचे नाव माझ्या पिढीला माहीत झाले ते पंडित नेहरूंमुळे. १९६४ साली ते गेले तेव्हा त्यांच्या मेजावर त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या फ्रॉस्टच्या ओळी होत्या, हे आम्ही तेव्हा वर्तमानपत्रांत वाचले होते. बर्फात घोडागाडी थांबवून रान बघत राहिलेल्या माणसाची ती कविता. गंमत म्हणजे ती भर हिवाळ्याची कविता फ्रॉस्टने लिहिली जून महिन्यात, १९२२ साली. रात्रभर जागून दुसरी एक लांबलचक कविता पुरी केली, पहाटे बाहेर आला, आणि पुन्हा आत जाऊन ही लिहिली. मी हे ह्यांना सांगितले तर म्हणाले, “म्हणजे नाइट ड्यूटी संपल्यावर ओव्हरटाइम!”

ह्यांना कवितेचे वावडे नव्हते, पण ओढही नव्हती. दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, पण थोडे चालले की दम लागायचा, आणि दम लागला हे तोंडाने सांगायचे नाही असा ह्यांचा स्वभाव. घरी मग बुटाची नाडी बांधायला वाकायचे, नाहीतर उगाच कुणाच्या कुंपणावरची फुले बघत उभे राहायचे. आम्ही सगळे जाणून होतो आणि न कळल्यासारखे करत होतो.

त्या वाटेवर पहिली कविता आली तेव्हा हे थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला आणि सगळी कविता वाचली. पुढे चाललो, पुढची पाटी आली, पुन्हा थांबले. तिसऱ्या पाटीशी म्हणाले, “अगं, ह्यातले सगळे शब्द मला येतात!” ते खरेच होते. फ्रॉस्टचे शब्द शेतावरचे असतात. कुंपण, गवत, लाकूड, झरा, बर्फ. मॅट्रिकच्या इंग्रजीवर भागते. अर्थ लागतो की नाही हा पुढचा प्रश्न, पण दारातून कुणी हाकलून देत नाही. मीही तोवर पाट्यांकडे जरा बिचकूनच बघत होते. बी.ए.च्या वेळेपासून इंग्रजी पान समोर आले की मागे कुणीतरी उभे राहून चूक काढील असे वाटायचे. तिथे मागे कुणी नव्हते. मी एक ओळ तीनदा वाचली तरी कुणाचे काही अडत नव्हते.

मुलगा तरुण, त्याला भराभर चालायची सवय. तो म्हणाला, “आई, जंगलात पाट्या कशाला हव्यात? जंगल बघायला आलोय ना आपण?” ह्यावर हे बाकावर टेकत म्हणाले, “अरे, सक्ती कुठे आहे? विनंती थांबा आहे हा. ज्याला उतरायचंय तो उतरेल, बाकीच्यांनी पुढे जावं.”

त्या दिवशी ते सगळी वाट चालले. एकदाही नाडी बांधायला वाकले नाहीत.

परत आल्यावर मला एक नाद लागला. वाटेवर कविता लावायची ही कल्पना मुळात कुणाची? कधीपासूनची? मुलाने थोडी पुस्तके आणून दिली, काही इथल्या ग्रंथालयात मिळाली. हळूहळू जे समजले ते सांगते.

युरोपातल्या ह्या प्रथेच्या अगदी सुरुवातीला एक कर्जबाजारी कवी सापडतो. विल्यम शेनस्टन, जन्म १७१४. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ हेल्सोवेन गावी ‘द लेझोज’ नावाची त्याची वडिलोपार्जित जमीन होती. उत्पन्न वर्षाला सुमारे तीनशे पौंड, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. १७४० च्या दशकात तो तिथे राहायला आला आणि पुढची वीसेक वर्षे एकच उद्योग करत राहिला. शेत शेतच ठेवायचे, गुरे चरायची ती चरू द्यायची, पण त्यातून एक गोल फिरणारी पायवाट काढायची. झऱ्याला बांध घालून धबधबे करायचे. आणि जिथून चांगले दिसते तिथे बाक ठेवून त्यावर कविता लिहायची. काही स्वतःच्या, काही व्हर्जिलसारख्या जुन्या लॅटिन कवींच्या. वाट ठरलेल्या दिशेनेच चालायची, म्हणजे एकामागून एक देखावे हवे त्या क्रमाने समोर येतात.

ह्यात मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने कविता बाकांवर लिहिल्या. माणूस बसतो तिथे. उभ्या-उभ्या वाचून पुढे जायचे नाही, टेकायचे. आमच्या ह्यांना हा माणूस पटला असता.

दुसरी गोष्ट, ह्या बाकांवर आणि कलशांवर त्याच्या माणसांची नावे होती. ऋतूंवर काव्य लिहिणारा जेम्स थॉमसन त्याच्याकडे येऊन गेलेला. तो १७४८ साली वारला, त्याच्या नावाचा बाक. विल्यम सॉमरव्हिल हा आणखी एक दिवंगत कवी-मित्र, त्याच्या नावाचा कलश. आणि मारिया डॉल्मन नावाची त्याची एक नात्यातली मुलगी ऐन तारुण्यात देवीच्या रोगाने गेली, तिच्यासाठी एका कलशावर लॅटिनमध्ये कोरलेला शोक. शेनस्टनने लग्न केले नाही. त्याने घराभोवती फिरायची वाट केली आणि तिच्यावर ठिकठिकाणी आपली गेलेली माणसे ठेवली, असे म्हटले तरी चालेल. रोज एक फेरी मारली की सगळ्यांची भेट व्हायची.

लोक लांबून बघायला येऊ लागले. आले की फुले तोडायचे, झाडे मोडायचे (हे कुठेही सारखेच!). त्यावर शेनस्टनने काय करावे? झाडांच्या मुळांची एक खोपी बांधली होती, तिथे त्याने पऱ्यांच्या तोंडी घातलेली एक कविता लावली. आम्ही इथे राहतो, तुम्ही खुशाल या, पण झुडपांना दुखवू नका आणि फुले चुरगळू नका, असा तिचा आशय. शेवटी गोडीत एक धमकीही आहे. आपल्या बागांतल्या ‘फुले तोडणाऱ्यास दंड होईल’ ह्या पाटीपेक्षा ही विनंती किती बरी!

जवळच हॅग्लीला लिटलटन नावाच्या श्रीमंत घराण्याची मोठी बाग होती. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने शेनस्टनच्या चरित्रात एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. ह्या शेजाऱ्यांकडे आलेल्या पाहुण्यांना लेझोज बघायचे असे. नको म्हणता येईना, तेव्हा ते पाहुण्यांना मुद्दाम वाटेच्या उलट्या टोकाने आत नेत, म्हणजे सगळे देखावे मागच्या बाजूने दिसत आणि बिंग फुटे. लग्नघरी व्याह्यांना मागच्या दाराने, खरकट्या भांड्यांतून न्यावे तसेच हे! शेनस्टन बिचारा हळहळत बसायचा. जॉन्सनला एकूण हा खटाटोप पोरकटच वाटला. पैसा बागेत गेला, घर गळत राहिले, देणेकरी दारात आले. १७६३ च्या फेब्रुवारीत शेनस्टन वारला.

त्यानंतर बाग विकली गेली आणि पुन्हा पुन्हा मालक बदलले. १७७३ साली, म्हणजे दहाच वर्षांनी, ऑलिव्हर गोल्डस्मिथने ह्या कवीच्या बागेच्या दुर्दशेवर लेख लिहिला. १७८६ साली थॉमस जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स हे अमेरिकेचे दोन भावी राष्ट्राध्यक्ष बरोबरच ती बघायला आले, तेव्हा जेफरसनला ते निव्वळ कुरण वाटले, भोवती पायवाट आणि कुठे कुठे फळीचे बाक असलेले. पुढे त्याच दरीत भराव घालून कालवा नेला. आज ती जागा सार्वजनिक बाग आहे, तिच्यातच गोल्फचे मैदान आहे. शेनस्टनचे मूळ लेख जागेवर राहिले नाहीत. कुठल्या बाकावर काय होते हे आपल्याला कळते ते रॉबर्ट डॉड्स्ली ह्या प्रकाशक मित्रामुळे. तो ती वाट चालला, प्रत्येक ठिकाणी थांबला, आणि काय दिसले, काय वाचले ते त्याने लिहून ठेवले. शेनस्टनच्या मृत्यूनंतर १७६४ साली ते छापले गेले. लाकूड गेले, दगड गेला. थांबलेल्या माणसाने लिहून ठेवले तेवढे उरले.

हे वाचत असताना जपानची हकिकत हाती आली, ती नेमकी उलटी. मात्सुओ बाशो हा हायकूंचा थोर कवी १६८९ साली सोरा नावाच्या शिष्याला घेऊन उत्तर जपानच्या दुर्गम भागात पायी गेला. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १७०२ साली, तो गेल्यानंतर आठ वर्षांनी छापले गेले. ह्या वाटेवर यामादेरा नावाचे डोंगरातले एक देऊळ लागते. खरे म्हणजे ते त्याच्या वाटेवर नव्हते. तुम्ही हे बघाच, असा लोकांनी आग्रह केला म्हणून तो उलट फिरून काही कोस चालत तिथे गेला. (विनंती थांबाच की हा!) खडकांमधून पायऱ्या चढत वर गेला. सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत उन्हाळ्यातल्या रातकिड्यांसारख्या किड्यांचा आवाज. त्यावर त्याने तीन ओळींची कविता केली, ती आज जपानमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असते.

बाशोने तिथे काही कोरले नाही. तो आला आणि गेला. पण १७५१ साली, म्हणजे साठ-बासष्ट वर्षांनी, त्याच्या परंपरेतल्या कवींनी त्या पायऱ्यांच्या वाटेवर, जिथे त्याला ही कविता सुचली असे मानतात तिथे, त्या कवितेचा कागद जमिनीत पुरला आणि वर एक दगड उभा केला. आता वर्ष बघा. १७५१. त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला शेनस्टन आपल्या शेतात बाक मांडत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. पण दोन्हीकडे माणसाला एकच सुचले, की जो गेला आहे त्याचे शब्द वाटेवर ठेवावेत, म्हणजे पुढून येणारा तिथे थांबेल.

आज जपानभर बाशोच्या कवितांचे असे दगड हजारांवर आहेत. त्यांवरची जुनी वळणदार अक्षरे आताच्या जपानी माणसालाही सहज वाचता येत नाहीत, म्हणून पुष्कळदा शेजारी साध्या लिपीतली पाटी लावलेली असते. म्हणजे दगड कविता टिकवतो हेही पूर्ण खरे नाही. लोकांना कविता पाठ आहे म्हणून दगडाला किंमत. स्वतः बाशो त्याच प्रवासात तागाजो इथे सातशे बासष्ट सालच्या एका शिलालेखापुढे उभा राहून रडला होता. डोंगर ढासळतात, नद्या पात्र बदलतात, वाटा बुजतात, आणि हा दगड मात्र मला भेटला, असे त्याला झाले. दगडाचे महत्त्व त्याला ठाऊक होते. तरी त्याने स्वतःसाठी एकही उभा केला नाही.

अलीकडचे एक उदाहरण सांगते. उत्तर इंग्लंडात सायमन आर्मिटेज ह्या कवीने (२०१९ साली तो तिथला राजकवी झाला) आपल्या मार्सडेन गावापासून इल्कलीपर्यंत सत्तेचाळीस मैलांच्या डोंगरवाटेवर सहा कविता ठेवल्या, २०१२ साली. त्या पिप हॉल ह्या अक्षरे कोरणाऱ्या कलावतीने कोरल्या. सहाही पाण्यावर: हिम, पाऊस, धुके, दव, डबके आणि ओढा. सातवी कविताही कोरली आहे, पण ती कुठे आहे हे सांगितलेले नाही. ज्याला सापडेल त्याला सापडेल. तिथल्या माळावरच्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेले खळगे आणि वर्तुळे आहेत. त्यांचा अर्थ आज कुणालाच लागत नाही, तरी माणसे त्यांच्यापुढे थांबतात. कवीने पाण्यावर लिहावे आणि त्या अक्षरांवर जन्मभर पाऊस पडत राहावा, हे मला फार प्रामाणिक वाटले. कधीतरी पुसले जाणार, हे धरूनच केलेले काम.

माझ्या मुलाचा प्रश्न मात्र मी विसरलेले नाही. निसर्गात पाट्या कशाला? आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर बाण मारलेले बदाम आणि नावे बघितली की दगडावर काहीही लिहिणे नको वाटते. पण ते लिहिणारा ‘मी इथे आलो’ एवढेच सांगतो. त्यात येणाऱ्याला काही दिलेले नसते. शेनस्टनच्या बाकावर निदान बसता तरी येत होते.

आपल्याकडे कविता वाटेवर लावायची वेळ बराच काळ आली नाही, कारण ती वाटेवरून चालतच होती. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्याला पाटी कशाला हवी? अभंग त्याच्या तोंडात असतो. थांबायच्या जागेलाही आपण किती छान शब्द ठेवला आहे: विसावा. पण जी कविता गाण्याची नाही, एकट्याने वाचायची आहे, तिच्यासाठी वाट लागते. आणि तशी एक वाट आपल्या कोकणात आहे.

गणपतीपुळ्याजवळ मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. तिथे कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक उभारले. मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी फार खटपट केली आणि १९९४ च्या मे महिन्यात कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. केशवसुतांचे कौलारू घर, आणि आवारात केशवसुतांच्या कविता कोरलेल्या शिळा. केशवसुतांनी वर्डस्वर्थसारखे इंग्रज कवी वाचले होते, सुनीत हा प्रकार त्यांनीच मराठीत आणला. त्या वर्डस्वर्थने आडवाटेवरच्या झाडाखालच्या बाकावर ठेवल्यासारखी एक कविता लिहिली आहे, ती १७९८ साली छापली गेली. शेनस्टनच्या वेळची बाकावर कविता लिहायची रीत तोवर पुस्तकात येऊन पोचली होती. असे धागे कुठून कुठे जातात! केशवसुतही माझ्यासारखेच मास्तर. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले तेव्हा चाळिशीही झालेली नव्हती. त्यांच्या हयातीत त्यांचे पुस्तक निघाले नाही, ते नंतर ह. ना. आपट्यांनी काढले.

आता एक कबुली. १९९८ साली आमच्या शाळेची नववीची सहल मी मालगुंडला नेली होती. मराठीची बाई म्हणून आग्रह माझाच. पण तिथे पोचायला उशीर झाला, गणपतीपुळ्याला जेवण सांगून ठेवलेले, मोदक गार होतील म्हणून दुसऱ्या बाई घाई करत होत्या. मी मुलांची रांग करून त्यांना त्या शिळांसमोरून वीस मिनिटांत फिरवून बाहेर काढले. “वाचा, वाचा, चला, पुढे चला!” एक मुलगा एका शिळेपाशी बसून वहीत काही उतरवून घेत होता, त्याला मी दंडाला धरून उठवले. घरी गेल्यावर सगळ्यांना ‘सहलीचे वर्णन’ लिहायला सांगितले. तो काय उतरवत होता ते मी विचारले नाही. बत्तीस वर्षे मी मुलांना कविता शिकवली, पाठ करून घेतली, संदर्भासह स्पष्टीकरणे लिहून घेतली. थांबू कधी दिले, ते मात्र आठवावे लागते.

हे २०१६ साली गेले. व्हरमाँटनंतर आम्ही दोघांनी मालगुंडला जायचे ठरवले होते, “तुझ्या केशवसुतांचा थांबा बघू” असे ते म्हणायचे. ते राहून गेले. २०१९ च्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीबरोबर गेले. बहीण समुद्रावर गेली, मी आवारात. तेव्हा माझे गुडघे ठीक होते, दम लागत नव्हता, थांबायची शरीराला काही गरज नव्हती. तरी मी प्रत्येक शिळेपाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला. ज्या कविता मला उलटसुलट पाठ आहेत, मुलांना शेकडो वेळा म्हणून दाखवलेल्या आहेत, त्यासुद्धा पहिल्या अक्षरापासून वाचल्या.

वरून नारळाची झावळी हलत होती आणि तिची सावली अक्षरांवरून जात-येत होती, त्यामुळे वाचायला वेळ लागत होता. लागू दिला.

बहीण परत आली तेव्हा म्हणाली, “ताई, अजून इथंच? पाय दुखले का गं?”

मी म्हटले, “नाही गं. थांबा आहे इथे.”

तिला काही कळले नाही. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही वाचू लागली.